पानाच्या शिरेतील चाळणी : एका शोधाचा आणि काही शब्दांचा इतिहास

संस्कृतात झाडाला 'पादप' म्हणतात. पायाने पितो तो पादप. शब्द घडवणाऱ्याची नजर किती स्वच्छ होती, हे वर्गात सांगताना आम्हांला नेहमीच आनंद होतो. परंतु हा शब्द अर्धेच सत्य सांगतो. मुळांनी प्यालेले पाणी वर चढते, ही गोष्ट त्यात आली. पानात तयार झालेली साखर खाली उतरते, कंदात साठते, फळात भरते, कोवळ्या शेंड्याकडे वळते, ही गोष्ट मात्र त्यात नाही. झाडात दोन प्रवाह असतात, एक पाण्याचा आणि दुसरा अन्नरसाचा. पहिल्याला भाषेने फार पूर्वी नाव दिले. दुसऱ्याला नाव मिळायला, त्याची वाट सापडायला आणि त्या वाटेवरून साखर नेमकी कशी जाते हे पटायला जवळजवळ साडेतीनशे वर्षे लागली. त्या वर्षांचा इतिहास वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांत दोन-तीन परिच्छेदांत आटोपलेला असतो. साहित्याच्या अभ्यासकांनी तो सविस्तर वाचावा असे आम्हांस वाटते, कारण तो जितका सूक्ष्मदर्शकाचा इतिहास आहे तितकाच रूपकांचाही आहे.

पहिले रूपक आपल्या सर्वांच्या तोंडी असलेले. पानाच्या 'शिरा'. हातावरची शीर आणि पिंपळपानाची शीर यांना मराठीत एकच शब्द आहे. युरोपीय भाषांतही तसेच घडले. साम्य डोळ्यांना दिसणारे होते, म्हणून शब्द आला. आणि शब्द आला म्हणून पुढच्या विद्वानांना साम्य आणखी खोल असावे असे वाटू लागले. विल्यम हार्वे यांचा रक्ताभिसरणावरील ग्रंथ १६२८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी बोलोन्याजवळच्या एका गावात मार्चेल्लो माल्पीगी यांचा जन्म झाला. हार्वे यांच्या सिद्धान्तात एक दुवा राहिला होता. धमन्यांतले रक्त नीलांत जाते कोठून? बेडकाच्या फुप्फुसात केशवाहिन्या पाहून तो दुवा १६६१ मध्ये माल्पीगी यांनीच जुळवला. असा मनुष्य पुढे वनस्पतींकडे वळला, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर प्राण्याचे शरीर असणार हे उघड होते.

माल्पीगी यांचा वनस्पतिशरीराविषयीचा ग्रंथ लंडनच्या रॉयल सोसायटीने १६७५ आणि १६७९ अशा दोन भागांत छापला. त्यांचा एक प्रयोग आजही शाळेत सांगितला जातो. झाडाच्या फांदीभोवतीची साल कड्यासारखी काढून टाकायची, आतले लाकूड तसेच ठेवायचे. वरची पाने कोमेजत नाहीत, म्हणजे पाणी लाकडातून चढतेच आहे. मात्र कड्याच्या वरच्या काठाशी साल हळूहळू फुगते आणि खालचा भाग खुरटतो. पानांत काहीतरी पक्व होते, ते सालीतून खाली येते आणि वाट तुटली की तेथेच तुंबते, असा अर्थ माल्पीगी यांनी लावला. एवढ्या साध्या साधनांनी इतका पक्का निष्कर्ष काढल्याची उदाहरणे विज्ञानात थोडी असतील. फळबागवाले द्राक्षवेलीची साल कड्यासारखी काढून घडांचे मणी फुगवतात, तेही याच न्यायाने. साखर खाली उतरू दिली नाही की ती वरच्या घडात जाते.

आता दोन प्रवाह आहेत तर ते एकमेकांस मिळून वर्तुळ होत असेल, अशी कल्पना सतराव्या शतकात साहजिकच पसरली. तिला जोराचा विरोध केला तो इंग्लंडमधील टेडिंग्टनचे पाद्री स्टीफन हेल्स यांनी. १७२७ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी सूर्यफुलाने दिवसभरात किती पाणी बाहेर टाकले ते तोलून पाहिले, वेलीच्या कापलेल्या बुंध्याला नळी जोडून रसाचा दाब मोजला, आणि झाडात रक्तासारखे अभिसरण नाही असे सांगितले. झाडाला हृदय नाही, हे त्यांचे म्हणणे बरोबरच होते. पण या खंडनाचा एक परिणाम असा झाला की, वर्तुळाबरोबर खाली येणारा प्रवाहही बराच काळ अभ्यासकांच्या लक्षाबाहेर गेला. रूपक मोडताना त्यातले खरेही कधी कधी सांडते.

त्यानंतर शंभर वर्षांनी चाळणी आली.

जर्मन वनशास्त्रज्ञ थिओडोर हार्टिग यांनी १८३७ मध्ये झाडांच्या सालीच्या आतल्या थरात लांबट कोशिकांच्या रांगा पाहिल्या. एकीवर एक रचलेल्या नळकांड्यांसारख्या या कोशिका होत्या आणि दोन नळकांड्यांमधली आडवी भिंत भोके पाडलेली होती, पिठाच्या चाळणीसारखी. हार्टिग यांनी त्यांना चाळणीवरूनच नाव दिले. मराठी परिभाषेतील 'चाळणी-नलिका' हा त्याच नावाचा वंशज. १८५८ मध्ये कार्ल नेगेली यांनी या सबंध ऊतकाला सालीच्या ग्रीक शब्दावरून नाव दिले, त्याच्या आतल्या, पाणी वाहणाऱ्या ऊतकाला लाकडाच्या ग्रीक शब्दावरून. आपल्या परिभाषाकारांनी या जोडीला 'परिकाष्ठ' आणि 'प्रकाष्ठ' असे शब्द योजले. पाहा, ग्रीक नाव सालीकडून आले, तर मराठी नाव लाकडाकडून, काष्ठाच्या भोवतीचे ते परिकाष्ठ. शालेय पुस्तकांतील 'रसवाहिनी' हा शब्द आम्हांला या सर्वांहून आवडतो. तो जागा सांगत नाही, काम सांगतो. मात्र नेगेली यांच्या काळी ते काम सिद्ध व्हायचे होते, हेही विसरता येत नाही.

चाळणी या शब्दाविषयी आमची एक तक्रार आहे. चाळणी गाळते. ती काही जाऊ देते, काही अडवते. शिरेतल्या या भिंतीचे काम गाळण्याचे नाही. तेथून साखरेचा पाक सबंधच्या सबंध पुढे जायचा असतो. हार्टिग यांनी आकारावरून दिलेले नाव पुढच्या पिढ्यांनी नकळत कामावरूनही वाचले, आणि 'या भोकांतून एवढा रस जाणार कसा' या प्रश्नाने शंभर वर्षे विद्वानांची पाठ सोडली नाही. नावाचा दोष किती आणि वस्तूच्या खोडीचा किती, हे तोलणे अवघड आहे. परंतु नाव पूर्ण निर्दोष होते असे आम्ही म्हणणार नाही. स्वतः हार्टिग यांचा गोंधळ झाला नव्हता. १८६० मध्ये त्यांनी झाडाच्या सालीला चीर देऊन पाझरणारा गोड रस पाहिला आणि तो या नलिकांतलाच आहे हे ओळखले.

येथे रचनेचा थोडा तपशील दिल्यावाचून पुढचे भांडण समजणार नाही. सपुष्प वनस्पतींच्या चाळणी-नलिकेची प्रत्येक कोशिका जिवंत असते, पण तिचे जिवंतपण विलक्षण आहे. वाढ पूर्ण होताना तिच्यातील केंद्रक नाहीसे होते, मधली मोठी रिक्तिका विरून जाते, प्रथिने घडवणारी यंत्रणाही जाते. उरतो तो भिंतीलगतचा जीवद्रव्याचा पातळ थर आणि त्याला धरून ठेवणारे पटल. घरातले सामान काढून टाकून वाट मोकळी करावी, तसे हे आहे. मग ही कोशिका जगते कशी? तिच्या शेजारी, तिच्याच मातृकोशिकेच्या असमान विभागणीतून जन्मलेली दुसरी कोशिका असते. हिचे केंद्रक शाबूत, जीवद्रव्य दाट, ऊर्जा निर्माण करणारी कणिकांची गर्दी मोठी. दोघींमधल्या भिंतीत जीवद्रव्याचे सूक्ष्म धागे आरपार गेलेले असतात. या सोबतिणीला मराठीत 'सहकोशिका' म्हणतात. एकीने सारे टाकून वाट व्हायचे आणि दुसरीने दोघींचा संसार चालवायचा, असा हा करार आहे. करार हा शब्द आमचा. शास्त्रज्ञ असे बोलणार नाहीत.

पानाच्या सर्वांत बारीक शिरांत या जोडीचे स्वरूप बदलते. देठात आणि खोडात नलिका मोठी आणि सहकोशिका लहान असते. बारीक शिरांत उलट, सहकोशिका मोठी आणि नलिका तिच्या कुशीत दडल्यासारखी. एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात काकडी-भोपळ्याच्या कुळाचा कसून अभ्यास करणाऱ्या आल्फ्रेड फिशर यांच्या हे ध्यानात आले होते. त्यांनी या मोठ्या कोशिकांना स्वतंत्र नावही दिले. या मापातच कामाची विभागणी लिहिलेली आहे. बारीक शिरा साखर गोळा करतात, जाड शिरा ती वाहून नेतात. पान उजेडाकडे धरले असता डोळ्यांना दिसते ते जाळे फारच थोडे आहे. साखरबीटाच्या पानाच्या एका चौरस सेंटिमीटरमध्ये बारीक शिरांची एकूण लांबी सुमारे ७० सेंटिमीटर भरते. पानातली कोणतीही हिरवी कोशिका एखाद्या शिरेपासून दोन-तीन कोशिकांहून दूर नसते. गावातील प्रत्येक घर रस्त्याला लागूनच असावे, अशी ही वसाहत.

पानात काय तयार होते, हे युलियस झाक्स यांनी १८६० च्या दशकात आयोडीनच्या साध्या परीक्षेने दाखवले. उजेडातल्या पानात पिष्ट साठते, अंधारात ते नाहीसे होते. रात्रभरात पिष्ट जाते म्हणजे ते साखर होऊन कोठेतरी रवाना होते. पण कशाच्या जोरावर? विसरणाने, म्हणजे पाण्यात टाकलेला खडीसाखरेचा खडा हळूहळू पसरतो तसे, हे सोपे उत्तर होते. ह्यूगो द व्हरीस यांनी १८८५ मध्ये त्याचा हिशेब मांडला. दहा टक्के द्रावणातून एक मिलिग्रॅम साखर केवळ विसरणाने एक मीटर जायची तर अडीच वर्षांहून अधिक काळ लागेल. भोपळा तर एका पावसाळ्यात पोसला जातो. तेव्हा कोशिकेतील जीवद्रव्याच्या फिरण्यामुळे साखर ढकलली जात असावी, असे द व्हरीस यांनी सुचवले. ती कल्पना आकर्षक होती. मात्र प्रौढ चाळणी-नलिकेत असे फिरणे कोणी निःसंदिग्धपणे दाखवू शकले नाही.

१९२० नंतरचा काही काळ या इतिहासातला सर्वांत चमत्कारिक म्हणावा लागेल. डब्लिनचे हेन्री डिक्सन हे मोठे नाव. पाणी झाडाच्या शेंड्यापर्यंत कसे चढते याचा आजही मान्य असलेला सिद्धान्त त्यांनी जॉन जॉली यांच्यासह १८९४ मध्ये मांडला होता. बटाट्याच्या कंदात किती साखर किती दिवसांत पोचली याचा हिशेब करून १९२२ च्या सुमारास त्यांनी जाहीर केले की, एवढा वेग त्या चिंचोळ्या, जीवद्रव्याने भरलेल्या नलिकांत शक्यच नाही. साखर लाकडातूनच जात असली पाहिजे. माल्पीगी यांचा अडीचशे वर्षांपूर्वीचा प्रयोग डोळ्यांसमोर असताना हे म्हणायला धारिष्ट लागते. पण डिक्सन यांचा तर्क पोकळ नव्हता. यंत्रणा समजत नाही तोवर वस्तुस्थितीही नाकारण्याचा मोह बुद्धिमान माणसालाच अधिक होतो.

उत्तर आले ते त्रिनिदाद बेटावरून. तेथील कापूस संशोधन केंद्रात मेसन आणि मॅस्केल यांनी १९२८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत कपाशीच्या झाडांवर दिवसरात्र पहारा ठेवला. पानातील साखर वाढली की सालीतील वाढते, पानातील उतरली की सालीतील उतरते. लाकडातील साखर मात्र या तालावर चालत नाही. साल लाकडापासून सोडवली तरी वहन चालू राहते, साल तोडली की थांबते. वाट सालीतलीच, हे निर्विवाद झाले. साखर अधिक असेल तेथून कमी असेल तिकडे जाते, म्हणजे दिशा विसरणाचीच. वेग मात्र विसरणाच्या हजारो पट. हे कोडे त्यांनी प्रामाणिकपणे उघडे ठेवले. कपाशीच्या बोंडात साखर कशी भरते या प्रश्नामागे साम्राज्याच्या गिरण्यांची गरज होती, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. वऱ्हाडच्या कापसाची कथा जिला ठाऊक आहे अशा भाषेत आपण लिहितो आहोत.

कोड्याचे उत्तर एका वनशास्त्रज्ञाने दिले. अर्न्स्ट म्यून्श यांनी १९२६ मध्ये आपला विचार मांडला आणि १९३० मध्ये वनस्पतीतील द्रव्यांच्या वहनावर सबंध ग्रंथच लिहिला. त्यांचे प्रतिमान इतके साधे होते की ते अनेकांना पटेना. दोन पिशव्या, नळीने जोडलेल्या, दोन्ही पाण्यात बुडवलेल्या. पिशव्यांचे पटल पाण्याला आत येऊ देते, साखरेला बाहेर जाऊ देत नाही. एकीत साखर अधिक आहे. तिच्यात पाणी शिरते, दाब वाढतो आणि आतला पाक नळीतून दुसरीकडे ढकलला जातो. तेथे पाणी बाहेर निघून जाते. पहिली पिशवी म्हणजे पान, दुसरी म्हणजे मूळ, कंद किंवा फळ, आणि नळी म्हणजे हार्टिग यांची चाळणी-नलिका. पानात साखर भरत राहिली आणि फळात ती खर्च होत राहिली, की प्रवाह आपोआप चालतो. वाटेत कोणीही ढकलणारा लागत नाही. हृदय नसलेल्या शरीरात अभिसरण कसे होईल, हा हेल्स यांचा प्रश्न येथे येऊन निराळ्याच रीतीने सुटला. शिवाय लाकडातून वर चढलेले पाणीच शिरेत शिरून रसाला खाली नेते, म्हणजे हार्वे यांच्या काळातले ते मोडीत निघालेले वर्तुळही काही अंशी परत आले.

म्यून्श यांच्या या प्रतिमानाला एक अट होती. चाळणीची भोके मोकळी हवीत. ती बुजलेली असतील तर सारा डोलारा कोसळतो. आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहणाऱ्यांना ती बहुधा बुजलेलीच दिसत होती.

हा भाग आम्हांला या इतिहासाचा गाभा वाटतो. चाळणी-नलिकेतील दाब मोटारीच्या चाकातील हवेच्या दाबाच्या कित्येक पट असतो. शीर कापली की तो क्षणात सुटतो, आतला रस उसळून कापाकडे धावतो, आणि त्याबरोबर तंतुमय प्रथिन वाहत येऊन भोकांत अडकते. जखमेच्या जागी कॅलोज नावाचे शर्करामय द्रव्य साचून भोके आणखी बुजवते. झाडाच्या दृष्टीने हे शहाणपणच आहे. नाहीतर किड्याच्या एका चाव्याने सारी साखर वाहून जायची. परंतु पाहणाऱ्याच्या दृष्टीने हा केवढा पेच! शीर पाहायची तर कापायला हवी, आणि कापली की ती पूर्वीची शीर राहत नाही. जे दिसते ते वहन नव्हे, वहनाचा शेवट. फिशर यांनी हा धोका १८८० च्या दशकातच ओळखून सबंध रोप उकळत्या पाण्यात बुडवून मग कापले, तेव्हा त्यांना ते चिकट बोळे दिसले नाहीत. ही सूचना पुढच्या पिढीने घेतली असती तर पुष्कळ शाई वाचली असती. १९५० नंतर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आला, चित्रे हजारो पट मोठी झाली आणि भांडणही त्याच प्रमाणात वाढले. भोकांत तंतू आहेत, हे एका पक्षाचे म्हणणे. ते तुमच्या सुरीने आणले, हे दुसऱ्याचे. एकाच चित्राची दोन वाचने वर्षानुवर्षे समोरासमोर उभी राहिली. संहितेच्या पाठभेदांवर आयुष्य घालवणाऱ्यांना हे दृश्य अनोळखी वाटणार नाही.

या वादात ज्यांच्या शब्दाला सर्वांत अधिक वजन होते त्या कॅथरीन एसाऊ यांची हकिगत येथे सांगितली पाहिजे. १८९८ मध्ये येकातेरिनोस्लाव्ह येथे, म्हणजे आजच्या युक्रेनमधील द्नीप्रो शहरात, जर्मन बोलणाऱ्या मेनोनाइट कुटुंबात त्यांचा जन्म झाला. क्रांतीच्या धामधुमीत कुटुंबाला जर्मनीत पळून जावे लागले. बर्लिनमध्ये शेतकीचे शिक्षण झाले. १९२२ मध्ये ते सर्व कॅलिफोर्नियात पोचले. तेथे एका साखर कंपनीच्या नोकरीत त्यांना काम मिळाले ते बीटाची पाने आकसवून टाकणाऱ्या रोगाला तोंड देणारे वाण तयार करण्याचे. रोग विषाणूचा, आणि तो पसरवणारे तुडतुडे. पुढे डेव्हिसच्या विद्यापीठात त्यांनी हेच काम प्रबंधासाठी घ्यायचे ठरवले, तेव्हा रोगट तुडतुडे शेतात मोकळे सोडायला परवानगी मिळेना. म्हणून विषाणूमुळे पानाच्या आत काय बिघडते ते पाहण्याकडे त्या वळल्या. तो विषाणू राहतो परिकाष्ठातच. एका नकारातून साठ वर्षांचे काम उभे राहिले. १९६९ मध्ये त्यांचा परिकाष्ठावरील बृहद्ग्रंथ आला, १९८९ मध्ये अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञानपदक मिळाले, १९९७ मध्ये वयाच्या नव्व्याण्णवाव्या वर्षी त्या वारल्या. त्यांचे गद्य आम्ही थोडेफार वाचले आहे. जे दिसले तेवढेच सांगायचे आणि ते कोणत्या परिस्थितीत दिसले हेही सांगायचे, असे ते काटेकोर गद्य आहे. आमच्या समीक्षेला त्याची लागण व्हायला हरकत नव्हती.

माणसाच्या सुरीला जे साधले नाही ते एका किड्याला सहज साधत होते. पिकांवर पडणारा मावा शेतकऱ्याला चांगलाच ठाऊक असतो. त्याची सोंड केसाहून बारीक. ती कोशिकांच्या मधून वाट काढत नेमकी एका चाळणी-नलिकेत शिरते, आणि झाडाला जखम झाल्याचे जणू कळतच नाही. रस आपल्याच दाबाने सोंडेत चढतो. केनेडी आणि मिटलर यांनी १९५३ मध्ये रस पिणाऱ्या माव्याला कार्बन डायऑक्साइडने गुंगी आणून त्याची सोंड जागच्या जागी कापली. धड बाजूला झाले, सोंड तशीच रुतलेली राहिली आणि तिच्या टोकाशी शुद्ध रसाचे थेंब येत राहिले, तासन्‌तास. आत दाब आहे आणि रस खरोखरच वाहतो, याचा याहून बोलका पुरावा कोणता? त्या थेंबांत मुख्यतः साखर असते, आपण चहात घालतो तीच, आणि ती बहुधा दहा ते पंचवीस टक्के भरते.

वाट आणि वेग यांचा प्रश्न असा सुटत आला, तसा लोकांचे लक्ष पुन्हा पानाच्या बारीक शिरांकडे गेले. हिरव्या कोशिकांत जेवढी साखर असते त्याहून कितीतरी अधिक शिरेत असते. उताराविरुद्ध ती चढते कशी? बेलफास्टमध्ये गनिंग, पेट आणि ब्रायर्टी यांनी १९६८ मध्ये घेवड्या-वाटाण्याच्या कुळात एक नवल दाखवले. तेथील सहकोशिकांच्या भिंती आतल्या बाजूला वळ्यावळ्यांनी वाढलेल्या असतात. त्यामुळे भिंतीलगतच्या पटलाचे क्षेत्र अनेक पट होते आणि अधिक साखर आत घेता येते. काही कुळांत मात्र अशा भिंती नाहीत, उलट शेजारच्या कोशिकांना जोडणारे जीवद्रव्याचे धागेच भरपूर आहेत. लेनिनग्राडचे युरी गामालेई यांनी शेकडो प्रजातींच्या बारीक शिरा पाहून १९८९ मध्ये त्यांची वर्गवारी केली. एका टोकाला धाग्यांनी खुल्या शिरा, दुसऱ्या टोकाला जवळजवळ बंद. बंद शिरांत साखर कोशिकेबाहेर, भिंतींच्या ओलाव्यात उतरून मग आत घेतली जाते. खुल्या शिरांत ती आतूनच सरकते. या दोन मार्गांची नावे म्यून्श यांच्याच १९३० च्या ग्रंथातून आलेली आहेत.

भोपळ्याच्या कुळातील खुल्या शिरांचे कोडे अमेरिकेत रॉबर्ट टर्जन यांनी उकलले. तेथे साखर अरुंद धाग्यांतून सहकोशिकेत शिरते आणि शिरताच तिला आणखी घटक जोडले जाऊन मोठे रेणू बनतात. ते आल्या वाटेने परत जाऊ शकत नाहीत. पुढच्या रुंद वाटेने नलिकेत मात्र जातात. तोंड अरुंद असलेल्या पिंजऱ्यात मासा शिरून आत वाढावा, तसे. फिशर यांनी शंभर वर्षांपूर्वी वेगळ्या नावाने नोंदवलेल्या त्या थोराड कोशिकांचे प्रयोजन असे कळले.

बंद शिरांचे दार १९९२ मध्ये सापडले. रीस्मायर, विल्मित्झर आणि फ्रोमर यांनी पालकाच्या पानातून साखर आत ओढणाऱ्या प्रथिनाचे जनुक वेगळे केले. ओळख पटवायला त्यांनी यीस्टची मदत घेतली. साखर आत घेता न येणारे यीस्ट या जनुकाच्या बळावर साखरेवर वाढू लागले. बटाट्यात हे दार मिटवले तेव्हा पानांत साखर साचून राहिली आणि कंद खुरटले. म्हणजे पान श्रीमंत, पण घर उपाशी. साखर बाहेर सोडणारी प्रथिने त्यानंतर वीस वर्षांनी, २०१२ मध्ये, याच शिरांत निश्चित झाली. त्यांचे इंग्रजी नाव आद्याक्षरांनी 'स्वीट' असे होते, आणि त्या अक्षरांचा विस्तार 'साखर अखेर बाहेर पाठवली जाईलच' अशा अर्थाचा आहे. शास्त्रज्ञांना श्लेष वर्ज्य नाही.

उसाचा उल्लेख केल्यावाचून मराठी वाचक आम्हांला सोडणार नाहीत. उसाच्या पानात शिरा समांतर असतात आणि प्रत्येक शिरेभोवती मोठ्या हिरव्या कोशिकांचे कडे असते. हाबरलांट यांनी एकोणिसाव्या शतकातच अशा रचनेला 'माळ' या अर्थाचा जर्मन शब्द दिला होता. हवाईच्या ऊस मळेवाल्यांच्या प्रयोगशाळेत कॉन्स्टन्स हार्ट यांनी किरणोत्सारी कार्बन वापरून पानातली साखर कांड्यात कशी उतरते याचा माग काढला. त्याच प्रयोगशाळेतून १९६५ मध्ये कोर्टशाक, हार्ट आणि बर यांनी उसाच्या पानात कार्बन निराळ्याच मार्गाने पकडला जातो हे दाखवले. आपल्याकडे कारखान्याच्या काट्यावर जे वजन होते ते सारे त्या माळेतून आणि तिच्या आतल्या चाळणीतून आलेले असते. साखरेवर महाराष्ट्रात राजकारणाची आणि साहित्याची पाने कितीतरी लिहिली गेली; उसाच्या पानावर फारशी नाहीत.

राहिली ती अखंड शीर पाहण्याची गोष्ट. मिखाएल क्नोब्लाउख आणि आर्ट फान बेल यांनी १९९८ मध्ये घेवडावर्गीय बाकल्याच्या जिवंत पानाच्या मुख्य शिरेवरचा थर अलगद तासला, नलिकांना धक्का लागू दिला नाही, आणि पान रोपाला जोडलेले असतानाच चमकणारा रंग त्यांतून वाहताना पाहिला. भोके मोकळी होती. २०१६ मध्ये क्नोब्लाउख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'मॉर्निंग ग्लोरी'चे वेल कित्येक मीटर लांब वाढवून नलिकांतील दाब प्रत्यक्ष मोजला. वेल जसजसा लांबतो तसतसा पानाकडचा दाब वाढतो आणि नलिकांची वाहकताही वाढते, म्हणजे म्यून्श यांची साधी पिशवी लांब अंतरालाही पुरते, असे त्यांना आढळले.

म्यून्श यांनी मुळात एक गोष्ट गृहीत धरली होती, आणि साखर आत ओढणाऱ्या प्रथिनांच्या शोधानंतर ती चूक मानली जाऊ लागली होती. पानाच्या हिरव्या कोशिकांतच साखर सर्वांत दाट असते आणि तेथून ती उतारानेच शिरेत येते, असे त्यांचे म्हणणे. १९९८ मध्ये टर्जन आणि मेडव्हिल यांनी विलो, म्हणजे वाळुंज, या झाडाची पाने तपासली. साखर ओढून घेण्याचा कोणताही खटाटोप त्यांत आढळला नाही. ती उतारानेच शिरेत जात होती. नंतर पुष्कळशा इतर वृक्षांतही असेच दिसले. मिटलर यांनी माव्याच्या कापलेल्या सोंडेतून थेंब गोळा केले, ते याच झाडावर.